प्रमाणित पुरी

तुमची मुलगी अमरावतीला काय काम करते, असं कोणी विचारलं की भातकुलीचे जानराव एका वाक्यात सांगत, "लोकाईचे तोंडं उघडते." त्यापुढे विचारायची कोणाची बिशाद नसे.

खरं तर तोंडं उघडायचे महादेवराव. दातांचे डॉक्टर म्हणून त्यांनी अमरावतीत उभं आयुष्य काढलं, आणि निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून तोंडाच्या कॅन्सरविरुद्ध एक ट्रस्ट काढला. राजापेठेत भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. एका खोलीत त्यांची जुनी, पायाने वर-खाली होणारी खुर्ची. दुसरीत मंजुषा आणि तिचा कॉम्प्युटर. ट्रस्टचं फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपचे ग्रुप, सगळं तीच पाही. त्याआधी ती फ्लेक्सच्या दुकानात होती. वाढदिवसाचे भाऊ, निवडून आलेले भाऊ, न आलेले भाऊ, या सर्वांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसून त्यांना गोरंगोमटं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ट्रस्टमध्ये ती आली ती काही समाजसेवेच्या ओढीने नव्हे. इथे दुपारी जेवायला सुट्टी होती.

फरक एवढाच की तिकडे डाग पुसायचे होते आणि इकडे दाखवायचे. महादेवराव जे फोटो देत ते पाहून माणसाने फोन पालथा ठेवावा. लोक तेच करत. काही जण न पाहताच खाली हात जोडत. एकाने सडलेल्या जबड्याखाली "सुप्रभात" लिहिलं होतं. ज्या मुंबईच्या संस्थेच्या मदतीवर ट्रस्ट चाले तिथल्या मॅडम ऑनलाइन बैठकीत विचारत, "लोक प्रतिसाद का देत नाहीत?" महादेवराव म्हणत, "घाबरतात." मॅडम म्हणत, "मग त्यांना न घाबरवता घाबरवा." आणि कॅमेरा बंद करून निघून जात.

एक माणूस मात्र प्रत्येक पोस्टखाली न चुकता लिही, "खूप छान माहिती. सर्वांनी लाभ घ्यावा." ते जानराव. भातकुलीला त्यांचं विहिरीचं वावर होतं. त्यात ते वांगी, पुदिना आणि सांभार लावत, म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून ते खिशातली प्लास्टिकची पन्नी काढत. तिच्यातली खर्ऱ्याची चिमूट, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला तो आमच्याकडचा मेवा, गालात सरकवत. दोन्ही हात मोकळे झाले की मग लेकीच्या पोस्टखाली लिहीत. खर्ऱ्याने तोंडाचं काय होतं याची माहिती अख्ख्या तालुक्यात त्यांच्याइतकी कोणाला नव्हती, आणि ती ते पानठेल्यावर उभं राहून इतरांना समजावूनही सांगत.

मंजुषा चिडे. "बाबा, तुमीच खाता आन तुमीच लाइक करता."

"मी बंदच करून राहिलो," जानराव म्हणत. तिच्या लग्नाआधीपासून ते बंदच करून राहिले होते.

तर असं चाललं असताना चांदूर बाजारला ट्रस्टचं शिबिर झालं. महादेवरावांनी माइकवर सोपी परीक्षा सांगितली. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. गेली तर ठीक. नाही गेली तर गाल आतून कडक होत चालले आहेत, खर्ऱ्याने होतात, आणि त्यातूनच पुढे भलतंसलतं उपजतं. तेव्हा लगेच तपासून घ्यायचं. लोकांनी ऐकून घेतलं. पण भर बाजारात खुर्चीवर बसून आ करायला कोण येतंय? सुनेसमोर सासरा आ करेना, सासऱ्यासमोर सून करेना. जो एक जण बसला त्याला खुर्ची वर-खाली होते ते पाहायचं होतं.

शिबिर आटोपून महादेवराव आणि मंजुषा गुपचूपच्या गाडीवर गेली. पुण्यामुंबईचे लोक त्याला पाणीपुरी म्हणतात. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ पुरी हातात घेई, बोटांनी मोडी, पाणी द्रोणातून पिई आणि तुकडे एक एक करून तोंडात टाकी. त्याच्या पलीकडचाही तेच करत होता.

"भाऊ, अख्खी काहून नाई खात?" मंजुषाने विचारलं.

"जात नाई ना बाई. पयले जात होती," असं म्हणून तो शांतपणे तुकडे खात राहिला.

महादेवरावांची पुरी हातातच राहिली आणि पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"सर," मंजुषा म्हणाली, "आपल्याले खुर्ची कशाले पायजे?"

महादेवराव शास्त्राचे माणूस. पुरी कोणतीही चालणार नाही, ती तीन बोटांएवढी भरली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. राजापेठेत सहदेवची गुपचूपची गाडी होती. तिथे ते दातांच्या कामातली स्टीलची बारीक पट्टी घेऊन उभे राहिले आणि पुऱ्या मोजू लागले. ही चपटी, ती फुगीर, ही नापास. गिऱ्हाइकं ताटकळली. शेवटी एक पुरी पसंत पडली आणि तिच्या मापाने सहदेव पुऱ्या करू लागला. मंजुषाने गाडीसाठी फ्लेक्स केला: "प्रमाणित पुरी". हाताला सवय, म्हणून कडेने झेंडूच्या माळा आणि वरच्या कोपऱ्यात महादेवराव, गोरे केलेले.

आता व्हिडिओ. मंजुषाच्या मनात होतं की पहिली पुरी बाबांनी खावी. धोतर-टोपीतला, रुबाबदार मिशांचा बागायतदार लोकांना आवडतो. शिवाय सहदेवला पुदिना आणि सांभार जानरावच पुरवत. गाडीवर त्यांचं येणं होतंच. पण सोमवारी त्यांना महादेवाचा उपास निघाला. मंगळवारी गणपतीचा. बुधवारी ते तळलेलं खात नव्हते. गुरुवार गजानन महाराजांचा. शुक्रवारी आंबट वर्ज्य. शनिवारी मारुती. रविवारी देव काही सापडला नाही, तर वांग्यांना पाणी द्यायचं निघालं. "बाबा, तुमी तं साधूच होऊन राहिले," असं म्हणून मंजुषा हसली आणि तिने सहदेवच्याच हातात पुरी देऊन व्हिडिओ काढला. "अख्खी जाते? मस्त. नाही जात? मग आमच्याकडे या, तपासून घ्या."

त्या व्हिडिओने कहर केला. दुसरं वाक्य कोणी ऐकलंच नाही. आपल्या लोकांना कुठेही परीक्षा दिसली की तिच्यात पहिलं यायचं असतं. कोणी एका वेळी दोन खाल्ल्या, कोणी तीन. अकोल्याच्या पोरांनी गांधी रोडवरून उत्तर दिलं, की अमरावतीची पुरी म्हणजे शर्टाचं बटन. अमरावतीने कळवलं, की अकोल्याच्या पुरीत नुसती हवा. शिव्यागाळी झाली. अकोल्याच्या एका भाऊंनी चौकात स्वतःचा फ्लेक्स लावला, गालात पुरी, खाली "वऱ्हाडाचं मोठं तोंड", आणि त्याखाली शुभेच्छुकांचे लहान लहान चेहरे. पोरगी पाहायला आलेल्यांपुढे पोह्यांच्या आधी गुपचूप येऊ लागलं. ज्या पोराला अख्खी गेली नाही त्याला मुलीकडचे "कळवतो" म्हणाले. खरं सांगायचं तर साऱ्या योजनेत तेवढी एकच जागा होती जिथे परीक्षा परीक्षेसारखी झाली. पण मुलांकडचे ट्रस्टला फोन करून धमक्या देऊ लागले.

मुंबईच्या मॅडम हरखून गेल्या. इतकी माणसं, इतके व्हिडिओ! त्यांनी पहिल्यांदाच बैठक संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला.

खुर्ची मात्र रिकामी. कारण सगळे पास होत होते. चांदूर बाजारचा तो इस्त्रीचा शर्टसुद्धा पास झाला. त्याने अख्खी पुरी गट्ट करतानाचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "जाते आता." महादेवरावांना गहिवरून आलं. पुरी खाऊन खाऊन तोंड मोकळं होतं, असा शोध आपल्या हातून लागला, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि ते त्यावर इंग्रजीतून लेख लिहायला बसले.

इकडे जानरावांचं नशीब फळफळलं होतं. उपासांमुळे खाणाऱ्यांत त्यांचा नंबर लागेना, म्हणून भातकुलीच्या मंडळींनी त्यांना परीक्षक केलं. परीक्षकाला खावं लागत नाही. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खिशाला "परीक्षक" लिहिलेली पट्टी लावून ते खुर्चीवर बसत आणि गावोगावच्या लोकांच्या तोंडात डोकावून "पास" म्हणत. लोक त्यांना जेवायला बोलावू लागले. तिथेही ते उपास सांगत.

दुर्गाबाईंनी, मंजुषाच्या आईने, एकदा फोनवर कुरकुर केली. "तुह्या बापानं ठेचा सोडला बाई. पोई वरनात चुरते आन गियते. तिखटानं तोंडाची आग होते म्हने. मी काय भाजीत आग टाकून राहिली काय?"

"वय झालं, माय. तिखट सुटलं तं बरंच आहे," मंजुषा म्हणाली. तिच्यासमोर त्या वेळी तीन फोन वाजत होते आणि अकोल्याचे भाऊ व्हिडिओ कॉलवर होते.

शेवटी अकोला आणि अमरावती यांची अंतिम फेरी भातकुलीला घ्यायची ठरली. त्या दिवशी सकाळी मंजुषा पुऱ्या न्यायला सहदेवकडे गेली. डबा उघडला आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिने आपली तीन बोटं उभी करून पुरीला लावली. पुरी दोन बोटांतच संपली.

"सहदेवभाऊ, हे काय?"

सहदेवने कपाळ पुसलं. "पास पुरी. सारेच गाडीवाले करते आता. फेल झालेला गिऱ्हाईक परत येत नाई, ताई."

"पन सुरू कोनं केलं?"

सहदेव पुदिना निवडू लागला. ती हलेना, तेव्हा म्हणाला, "रागावू नका. जानरावभाऊंनी सांगतलं. पयल्याच आठवड्यात. म्हने, माह्यासाठी एक लहान करून ठेव, पोरीनं कधी धरलंच तं. तं मी चार केल्या. त्या चार मांगाले आठ लोक आले."

सोमवार ते रविवारचे सगळे उपास मंजुषासमोर ओळीने उभे राहिले आणि त्यांच्यामागून ठेचा आला. गावोगाव लोकांची तोंडं उघडायला निघालेल्या बाईने वडिलांचं मिटत चाललेलं तोंड पाहिलं नव्हतं, आणि वर हसली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. मग बाबांचा आला. मग भीती वाटली, आणि ती मात्र गेली नाही.

"सहदेवभाऊ, जुन्या मापाच्या तळा," ती म्हणाली. "साऱ्या. आन ही लहानवाली एक राहू द्या."

भातकुलीच्या बाजारओट्यावर मांडव होता, आणि एका कोपऱ्यात सवयीने महादेवरावांची खुर्चीही. अकोल्याचे भाऊ हार घालूनच उतरले. अकोल्याचा चमू स्वतःच्या पुऱ्या पिंपात भरून घेऊन आला होता, आणि पिंपावर पहारा होता. महादेवरावांनी माइक हातात घेतला. फीत कापणं आता जुनं झालं, असं सांगून, मंजुषाने आधी सुचवून ठेवलं होतं तसं, त्यांनी जाहीर केलं की पहिली पुरी माननीय परीक्षक जानराव खातील आणि तेच उद्घाटन. टाळ्या झाल्या. जानराव उठून उभे राहिले. त्यांनी सहदेवकडे पाहिलं. सहदेवने मांडवाच्या छताकडे पाहिलं.

मंजुषाच्या हातात फोन होता आणि फेसबुकवर सारं थेट चालू होतं. मॅडम मुंबईहून पाहत होत्या. तिने फोन खाली केला. पुढचा सगळा वेळ जगाला तिची चप्पल आणि माइकची वायर दिसली. दुसऱ्या हातात ताटली होती. तिच्यात दोन पुऱ्या, एक मोठी, एक लहान. ती वडिलांच्या अगदी समोर, लोकांकडे पाठ करून उभी राहिली.

"बाबा, कोनती देऊ?"

जानरावांनी ताटली पाहिली. मग लेकीला पाहिलं. "सहदेव बोलला वाटते."

"हो."

"घरी इचारलं असतं मले."

"घरी इचारलं असतं तं उपास निघाला असता."

जानराव मिशीतल्या मिशीत हसल्यासारखे झाले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "भेव वाटते वं, बाई," ते हळू म्हणाले. "तुह्या पोस्टीतले सारे फोटू पाह्यले न मी. एकबी सोडला नाई."

त्यांनी मोठी पुरी उचलली. तोंड उघडलं. सरळ जाईना. तिरपी करून पाहिली. मग डोळे मिटून दाबली, आणि पुरी फुटली. त्यांच्याच वावरातल्या पुदिन्याचं हिरवं पाणी पांढऱ्या सदऱ्यावरून खाली धोतरापर्यंत गेलं. महादेवराव तेवढ्यात जवळ आले होते. रोगी दिसला की त्यांना आजूबाजूचं भान राहत नसे. त्यांनी जानरावांच्या हनुवटीला धरलं, आत डोकावलं आणि म्हणाले, "दोन बोटं. तीही जेमतेम." माइक त्यांच्याच हातात होता. दोन बोटं एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेली.

मंजुषाला वाटलं, आता बाबा निघून जातील आणि पुन्हा कधी आपल्याशी बोलणार नाहीत. जानराव तसे उभेच राहिले. मग त्यांनी डॉक्टरांच्या हातून माइक घेतला, खिशावरची पट्टी नीट केली आणि परीक्षकाच्या आवाजात सांगितलं, "परीक्षक नापास." पुढे म्हणाले, "लहान पुरी मीच करवली होती. त्यापायी आतापर्यंतचे सारे निकाल रद्द."

गर्दीत कोणाला दया यावी, तर कसचं काय. अकोला उसळलं. अकोला आघाडीवर होतं, निकाल रद्द म्हणजे काय? भाऊंनी हार काढून आपटला. अमरावतीने म्हटलं, तुमच्या पुऱ्या कोणत्या मोठ्या होत्या, पिंप उघडा. पिंप उघडलं. महादेवरावांनी पट्टी लावली. आतल्या पुऱ्या सहदेवच्याहूनही लहान निघाल्या. मग दोन्हीकडून एकच मागणी झाली, समोरच्यांची फेरपरीक्षा झालीच पाहिजे, आणि आमच्यासमोर झाली पाहिजे. जुन्या मापाच्या पुऱ्या निघाल्या. आणि एकेक जवान, शड्डू ठोकून पुढे आलेला, सदरा हिरवा करून मागे फिरू लागला. अकोल्याचे भाऊसुद्धा. वऱ्हाडाचं मोठं तोंड पुरीच्या अलीकडेच अडलं.

नापास झालेल्याला दुसरी बाजू सोडेना. "खुर्चीवर बसव त्याले. बोटं घाल म्हना." अमरावतीवाल्यांनी अकोलेकरांना धरून खुर्चीकडे नेलं, अकोलेकरांनी अमरावतीवाल्यांना. शिबिरात ज्या खुर्चीवर कुत्रं बसत नव्हतं तिच्यासाठी मारामारीची वेळ आली. महादेवराव सूर्य मावळेपर्यंत बॅटरी घेऊन लोकांच्या तोंडात पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. पुरीचा शोध खोटा ठरला, हे त्यांना दुसऱ्या दिवशी आठवलं.

रांगेत पहिले जानराव होते. मंजुषा त्यांच्याजवळ उभी राहिली. त्यांनी खिशातली पन्नी काढून तिच्या हातात दिली आणि आ केला.

गालातला बारीक तुकडा तपासायला गेला. त्याचं उत्तर येईपर्यंत मंजुषाच्या हातून एकही पोस्ट सरळ झाली नाही. एकात तिने तंबाखूच्या पुडीला झेंडूची माळ घातली. उत्तर आलं, कॅन्सर नाही. पण गाल आवळलेले आहेत, खर्रा आज बंद, औषधं चालू, आणि दर थोड्या दिवसांनी खुर्ची. तोंड मोकळं व्हावं म्हणून आइसक्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज जमेल तशी एक वाढवायची. जानराव धुऱ्यावर बसून काड्या धरत. तोंडात काड्या असल्याने खर्रा ठेवायला जागा नव्हती, हा त्यातला मोठा फायदा. मधूनच ते मंजुषाच्या लेकीला अमरावतीहून बोलावून तिची इवली बोटं तोंडात घेत आणि "तीन गेले, पास" म्हणत. दुर्गाबाई त्यांना परीक्षकपदावरून काढून टाकायची धमकी देत.

मुंबईच्या मॅडमनी भातकुलीच्या थेट प्रक्षेपणाबद्दल नाराजी कळवली. इतक्या महत्त्वाच्या प्रसंगी चप्पल का दाखवली, असं त्यांनी विचारलं. मंजुषाने उत्तर दिलं, की हात दुखत होता.

काही दिवसांनी दुर्गाबाईंचा फोन आला. आवाज चिडका होता. "तुह्या बापानं आज ठेचा मांगला. म्या म्हटलं, डाक्टरनं नाई म्हटलं. तं म्हने, बोटावर दे. बोटाले लावून चाटला. आन मंग चुलीपुढं बसून रडला बाई. तिखटानं म्हने. एवढासाक ठेचा, एवढं पानी येते काय डोयात?"

मंजुषाचेही डोळे भरून आले, आणि तिने तर काहीच खाल्लं नव्हतं. तिकडे फोनची ओढाताण झाली आणि जानरावांचा आवाज आला.

"बाई, ऐकून राहिली ना? हे तुह्या पोस्टीत टाकू नको."

"नाई टाकत, बाबा," ती म्हणाली. आणि नाही टाकलं.